४०११ केइव्ही: सुपरडिफॉर्म्ड केंद्रकातून बाहेर पडायची वाट

सावरी

डिस्प्रोसियम-१५२ चा तो आलेख एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. आडव्या अक्षावर गॅमा किरणांची ऊर्जा (केइव्हीत, म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या एककात), उभ्या अक्षावर नोंदी, आणि मधे एकोणीस शिखरं, सगळी जवळजवळ समान अंतरावर. पहिलं ६०२ केइव्हीला, शेवटचं १४४९ ला, दोन शेजाऱ्यांत सरासरी ४७ केइव्ही. १९८६ साली इंग्लंडमधल्या डेअर्सबरी प्रयोगशाळेत पीटर ट्विन आणि सहकाऱ्यांनी पॅलेडियम-१०८ वर कॅल्शियम-४८ चा झोत सोडला. दोघं एकजीव झाले, चार न्यूट्रॉन बाहेर पडले, उरलं ते डिस्प्रोसियम-१५२. त्यातली शंभरात जेमतेम एक-दोन केंद्रकं या एकोणीस पायऱ्यांवरून खाली आली. लांबी रुंदीच्या दुप्पट असलेलं केंद्रक आख्खंच्या आख्खं गरगर फिरत असेल तरच इतका नियमित बँड, म्हणजे समान अंतरावरच्या शिखरांची माळ, मिळतो. यालाच सुपरडिफॉर्म्ड म्हणतात, आपण एसडी म्हणू.

त्या एकोणीस शिखरांचं कौतुक भरपूर झालंय. मी धागा काढतेय तो त्या आलेखात जे दिसत नाही त्यासाठी.

पायऱ्या ६०२ ला येऊन संपतात. तिथे केंद्रकाचा कोनीय संवेग अजून पंचवीस ħ च्या आसपास असतो (ħ हे कोनीय संवेगाचं क्वांटम एकक), म्हणजे ते थांबलेलं नाही, चांगलं वेगात आहे. तरीही बँड तुटतो, आणि तोही हळूहळू विरत नाही, दोन-तीन पायऱ्यांत खलास. त्यानंतर डिटेक्टरमध्ये काय दिसतं? तर त्याच डिस्प्रोसियमच्या नेहमीच्या, जवळजवळ गोल आकाराच्या ओळखीच्या गॅमा रेषा. म्हणजे केंद्रक लांबट आकारातून बाहेर पडून साध्या आकारात आलं हे नक्की. मधली तीन-चार एमइव्ही (एक एमइव्ही म्हणजे हजार केइव्ही) ऊर्जा गॅमा किरणांच्याच रूपाने बाहेर पडली हेही नक्की. पण त्या किरणांची एकही रेषा सापडत नव्हती.

याचा परिणाम भलताच गैरसोयीचा होता. पायऱ्यांमधलं अंतर अर्ध्या-पाऊण केइव्हीपर्यंत बिनचूक माहीत, पण जिना कुठल्या मजल्यावर आहे याचा पत्ता नाही. पातळीची ऊर्जा माहीत नाही, स्पिन (पातळीचा कोनीय संवेग, ħ मध्ये मोजलेला) अंदाजाने, पॅरिटी (आरशातल्या उलटापालटीत पातळीचं चिन्ह टिकतं की बदलतं, धन किंवा ऋण) तर सोडूनच द्या. पुढे पारा, शिसं, टर्बियम, गॅडोलिनियम अशा कितीतरी केंद्रकांत एसडी बँड सापडले आणि बहुतेक सगळ्यांची हीच गत.

पहिली कोंडी फुटली १९९६ मध्ये. टेंग लेक खू आणि त्यांच्या गटाने गॅमास्फिअर ही मोठी गॅमा डिटेक्टर-रचना वापरून पारा-१९४ मधल्या एसडी बँडमधून थेट साध्या पातळ्यांवर येणाऱ्या एक-टप्पा रेषा शोधल्या. साडेतीन ते साडेचार एमइव्हीच्या टापूत, प्रत्येक रेषेला बँडच्या तीव्रतेचा अगदी किरकोळ वाटा. त्यावरून कळलं की बँड शून्य स्पिनपर्यंत खाली ताणला तर त्याचा तळ मूळ पातळीच्या (केंद्रकाच्या सर्वांत कमी ऊर्जेच्या पातळीच्या) सुमारे ६ एमइव्ही वर पडतो. त्याच वर्षी शिसे-१९४ चाही पत्ता लागला, तिथे हा आकडा ४.६ च्या आसपास.

आणि डिस्प्रोसियम-१५२, जिथून हे सगळं सुरू झालं? त्याला २००२ उजाडलं. लॉरिट्सेन आणि सहकाऱ्यांना ४०११ केइव्हीची एक रेषा मिळाली, शिवाय चार आणखी फिक्या. हिशोब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. बँडची सर्वांत खालची पातळी १०,६४४ केइव्हीवर, स्पिन-पॅरिटी २४ धन, म्हणजे स्पिन २४ आणि पॅरिटी धन. तिच्यावर ६०२ चढवा, मग ६४७ चढवा, म्हणजे २८ धन ही पातळी ११,८९३ वर आली. त्यातून ४०११ वजा केले की ७,८८२. तिथे साध्या डिस्प्रोसियमची २७ ऋण पातळी बसलेली आहे, आधीपासून ओळखीची. सोळा वर्षं लोंबकळणारा जिना या एका वजाबाकीने जमिनीला टेकला.

माझ्या मते ती एक फिकी रेषा त्या एकोणीस देखण्या शिखरांपेक्षा जास्त सांगते. शिखरांनी आकार सांगितला. डिस्प्रोसियममध्ये तो आकार सुटतो कसा, याची पहिली ठाम खूण तिने दिली.

पिंगळा

वाखुसा (वाचनखूण साठवली). सावरीताई, दोन प्रश्न, बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

एक, गॅमा किरणांच्या ऊर्जेवरून दुप्पट लांब हे कसं काढतात? कुणी फोटो तर काढत नाही. दोन, इतकं ताणलेलं केंद्रक लगेच परत गोल का होत नाही? किंवा तुटत का नाही?

सावरी

बाळबोध कसले, दोन्ही मुद्द्याचे आहेत.

फिरणाऱ्या वस्तूची ऊर्जा स्पिनच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. केंद्रक एका वेळी दोन-दोन ħ ने खाली येतं, त्यामुळे लागोपाठच्या दोन गॅमांमधला फरक म्हणजे ४ भागिले जडत्व आघूर्ण. ४७ केइव्ही म्हणजे ०.०४७ एमइव्ही, चारला त्याने भागा, ८५ आलं. इतकं मोठं जडत्व आघूर्ण १५२ कणांच्या जवळजवळ गोल केंद्रकातून निघत नाही. पण एवढ्यावर कोणी विसंबत नाही. खरा पुरावा आयुष्यमानाचा. लांबट विद्युतभार फिरत असेल तर तो चतुर्ध्रुवी गॅमा (दोन ħ घेऊन जाणारे) फार झपाट्याने फेकतो. बँडच्या वरच्या भागातल्या पातळ्या काही फेम्टोसेकंदांत रिकाम्या होतात. झोताच्या धक्क्याने केंद्रक प्रकाशाच्या तीनेक टक्के वेगाने पुढे जात असतं, जाड लक्ष्यात ते हळूहळू मंदावतं, आणि गॅमाच्या ऊर्जेतलं डॉपलर सरकणं पाहून तो किती लवकर सुटला ते मोजतात. त्यातून चतुर्ध्रुव आघूर्ण मिळतं आणि त्यातून आकार.

दुसरा प्रश्न. आकार बदलत नेला तर केंद्रकाच्या ऊर्जेच्या आलेखात दोन खळगे दिसतात, मधे उंचवटा. दुसरा खळगा का पडतो? गोल केंद्रकांत २०, २८, ५०, ८२ या भरलेल्या कवचांच्या संख्या ठाऊक आहेतच. अक्षांचं गुणोत्तर २:१ झालं की प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या पातळ्या नव्याने गटागटाने एकत्र येतात आणि वेगळ्या जादुई संख्या तयार होतात. डिस्प्रोसियमचे ६६ प्रोटॉन आणि ८६ न्यूट्रॉन त्यात चपखल बसतात. पारा-१९२ मध्ये ८० आणि ११२. शिवाय स्पिन जास्त असताना लांबट आकारच स्वस्त पडतो, कारण जडत्व आघूर्ण मोठं की तेवढ्याच स्पिनला ऊर्जा कमी लागते. साठच्या आसपास एसडी पातळीच सर्वांत खालची असते. स्पिन उतरत गेला की साध्या पातळ्या तिच्या खाली सरकतात आणि ती उंचावर एकटी राहते.

आडमुठा

लेख झकास, पण एक शंका. सोळा वर्षं स्पिन पक्के माहीत नव्हते म्हणता. त्या काळात या बँडवर पेपर मात्र ढिगाने आले. वेगवेगळ्या केंद्रकांचे बँड 'एकसारखे' आहेत म्हणून केवढा गाजावाजा झाला होता. हे सगळं अंदाजपंचे दाहोदरसेच होतं की काय?

सावरी

एकसारख्या बँडचा मामला स्पिनवर फारसा अवलंबून नव्हता, तो सरळ ऊर्जांवर उभा होता. टर्बियम-१५१ मधल्या एका उत्तेजित बँडच्या रेषा डिस्प्रोसियम-१५२ च्या रेषांशी एक-दोन केइव्हीच्या आत जुळतात, एकामागून एक, कितीतरी पायऱ्यांपर्यंत. वस्तुमान एका कणाने बदललं तर जडत्व आघूर्ण साधारण एक टक्क्याने बदलायला हवं. १४०० केइव्हीच्या रेषेत तो फरक १५ केइव्हीचा होतो. तो दिसत नाही, हे नवल स्पिन माहीत नसतानाही नवलच.

स्पिनच्या अंदाजाबद्दल मात्र तुमची शंका रास्त आहे. पाऱ्यात अंदाज बरा चालतो, डिस्प्रोसियममध्ये नाही. पारा-१९४ च्या बँडच्या तळच्या दोन रेषा २५४ आणि २९६ केइव्ही. फरक ४२, त्याचा आठवा भाग सव्वापाच. २५४ ला सव्वापाचने भागलं की ४८ च्या जवळ येतं, आणि ते ४ गुणिले स्पिन वजा २ इतकं असायला हवं. स्पिन साडेबाराच्या आसपास. सम संख्याच घ्यायची आहे, म्हणून १२. आता हाच प्रयोग डिस्प्रोसियमवर करा. तळच्या दोन रेषांचा फरक ४५ घेतला तर स्पिन सत्तावीसच्या वर जातो, सरासरी ४७ घेतला तर सव्वीस येतो. (हा स्पिन म्हणजे वर जिथे रेषा सुरू होते त्या पातळीचा.) फरकात एकाचा घोटाळा म्हणजे स्पिनमध्ये अर्ध्याएकाचा घोटाळा, शिवाय काही कणांचा स्वतःचा कोनीय संवेग फिरण्याच्या अक्षाशी जुळलेला असतो, तो या साध्या सूत्रात धरलेलाच नाही. ट्विन यांच्या पेपरच्या शीर्षकात '६० ħ पर्यंत' असं होतं. तळ २४ ठरल्यावर एकोणीस पायऱ्या दोन-दोनने मोजा, माथा ६२ वर जातो. पूर्ण दोनने इकडचं तिकडे.

कणाद

सावरीताई, बँड अचानक का तुटतो ते मूळ लेखात राहिलं. वर्गात आम्हाला सांगतात की चतुर्ध्रुवी गॅमाचा दर ऊर्जेच्या पाचव्या घातावर असतो, म्हणून खाली येता येता तो मंदावतो आणि दुसरी वाट जिंकते. मी आकडे घालून पाहिले. १४४९ ते ६०२ मध्ये दर सुमारे ८० पटीने घटतो, ठीक. पण ६९३ वरून ६४७ वर येताना फक्त १.४ पट घट होते. एवढ्याशा फरकाने दोन-तीन पायऱ्यांत सगळा बँड रिकामा होईल हे पटत नाही.

सावरी

कणाद, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. पाचवा घात एकटा पुरत नाही. मेख उंचवट्यात आहे.

एसडी पातळी दुसऱ्या खळग्यात आहे, शांत, एकटी, सुव्यवस्थित. त्याच ऊर्जेला पहिल्या खळग्यात साध्या आकाराच्या पातळ्यांची प्रचंड गर्दी आहे, कारण त्या आकाराच्या हिशोबात केंद्रक तिथे तीन-चार एमइव्ही तापलेलं आहे. पारा-१९४ साठी या गर्दीतल्या दोन शेजारी पातळ्यांमधलं अंतर दहा-वीस इव्हीच्या घरात येतं असा हिशोब आहे. केइव्ही नाही, इव्ही. उंचवट्यातून टनेलिंग होऊन (पुरेशी ऊर्जा नसतानाही क्वांटम नियमांनी उंचवटा पार होऊन) एसडी पातळीत शेजारच्या एखाद्या साध्या पातळीची किंचित भेसळ होते. भेसळ झालेला भाग मग साध्या पातळीसारखा वागतो आणि द्विध्रुवी गॅमा (एक ħ घेऊन जाणारा) फेकून मोकळा होतो.

आता रुंदी पाहू, म्हणजे पातळी किती झपाट्याने रिकामी होते याचं माप. पाऱ्याच्या बँडच्या तळाशी बँडमधल्या गॅमाची रुंदी ०.१ मिलि-इव्हीच्या आसपास, तर तापलेल्या साध्या पातळीची काही मिलि-इव्ही, समजा पाच. पन्नास पटींचा फरक. म्हणजे दोन टक्के भेसळ झाली तरी दोन्ही वाटा बरोबरीत. अठ्ठ्याण्णव टक्के एसडी असलेलं केंद्रक निम्म्या वेळा बाहेर पडतं!

आणि ती भेसळ उंचवट्याच्या उंचीवर घातांकी पद्धतीने अवलंबून आहे. स्पिन कमी झाला की कणांच्या जोड्या पुन्हा जमायला लागतात, तो जोडीबंध उंचवटा पार करणं सोपं करतो. पाचवा घात आणि हा घातांक दोन्ही एकाच दिशेने ढकलतात, म्हणून कडा इतकी तीव्र. ही मांडणी विगेझ्झी, ब्रोलिया आणि डॉसिंग यांनी १९९० च्या सुमारास केली, तिचाच सांगाडा आजही वापरतात.

आडमुठा

म्हणजे धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपतं तसं. भिंत खाली पातळ होत गेली, गळती वाढली.

सावरी

अर्धं पटतं. झिरपणं सगळीकडून सारखं असतं. इथे एसडी पातळीच्या अगदी निकट कुठली साध्या आकाराची पातळी पडली आहे, यावर सगळं ठरतं. दहा इव्हीवर शेजारी आहे की अर्ध्या इव्हीवर, हा केवळ योगायोग. जुळ्या केंद्रकांतही तो वेगळा असणार. त्यामुळे एकाच बँडमधून किती गळती होईल याची सरासरी सांगता येते, नेमका आकडा नाही.

जर्मेनियमवाला

बरेच दिवस वाचनमात्र होतो, पण या विषयावर राहवलं नाही. गॅमा स्पेक्ट्रम सोलण्यात उमेदीची वर्षं गेली आहेत, तर मोजणाऱ्याची बाजू मांडतो.

लोकांना वाटतं की रेषा फिकी होती म्हणून सापडली नाही. फिकी होती हे खरंच, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे ऊर्जा अनेक वाटांनी बाहेर पडते. साध्या पातळ्यांच्या गर्दीतून खाली यायला दोन, तीन, चार टप्पे लागू शकतात आणि प्रत्येक टप्प्याला शेकडो पर्याय. त्यामुळे बहुतांश तीव्रता एका पसरट कुबडात जमा होते, रेषा अशी उरतच नाही. १९९४ मध्ये पारा-१९२ चं हे कुबड वेगळं काढून दाखवलं गेलं, आणि ते तापलेल्या केंद्रकाच्या सर्वसाधारण सांख्यिकी स्पेक्ट्रमसारखं निघालं. एक-टप्पा रेषा म्हणजे त्या कुबडावरचे दोन-चार कोंब.

आता रेषा खरी की पार्श्वभूमीतली लहर हे कसं ठरवायचं? डिटेक्टर शंभर असले की एकाच केंद्रकातून एकाच वेळी आलेले तीन-चार गॅमा पकडता येतात. त्यातले दोन एसडी बँडचे आहेत अशी अट घातली, म्हणजे दुहेरी गेट लावला, की फक्त त्या बँडमधून गेलेली केंद्रकं उरतात. पण गेटच्या शिखराखालीही पार्श्वभूमी असतेच, ती वजा करावी लागते. ४ एमइव्हीजवळ एका चॅनेलमध्ये मोजून चार-सहा नोंदी असतात. वजाबाकीत हात जरा सैल झाला की नसलेलं शिखर उगवतं आणि जरा आवळला की असलेलं जातं. पार्श्वभूमी वजा करायची पद्धत नीट बसवण्यातच या कामाचा अर्धा जीव आहे असं माझं मत.

मग पडताळा. ताईंनी दिलेलीच ४०११ घ्या. ती २८ धन पातळीतून निघते, ६९३ ही रेषा त्या पातळीत येते आणि ६४७ ही तिथून बँडमध्येच खाली जाते. तर ६९३ वर गेट लावला की ४०११ दिसलीच पाहिजे. ६४७ वर लावला की गायब झाली पाहिजे, कारण जे केंद्रक ६४७ ने गेलं ते ४०११ ने जाऊच शकत नाही. शिवाय २७ ऋणच्या खालच्या साध्या रेषांशी तिची संगत हवी. ऊर्जेची बेरीज केइव्हीत जुळायला हवी. आणि कोनानुसार तीव्रता कशी बदलते त्यावरून ती द्विध्रुवी आहे हे निघायला हवं. यातलं एक जरी चुकलं तरी रेषा बाद.

लहान वाटणारी आणखी एक डोकेदुखी. ४ एमइव्हीचा गॅमा जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी बनवतो, आणि त्यातला ५११ केइव्हीचा एक किरण निसटला तर खऱ्या शिखराच्या बरोबर ५११ खाली एक भुताटकी शिखर उभं राहतं. प्रत्येक जर्मेनियमभोवती बिस्मथ जर्मेनेटचं कवच असतं, ते निसटलेला किरण पकडून ती नोंद रद्द करतं. तरी थोडं उरतंच. आणि ऊर्जेचं अंशांकन? कोबाल्ट-५६ चा स्रोत साधारण ३.४५ एमइव्हीपर्यंत साथ देतो. त्यावर जायचं तर गॅलियम-६६ हवं, ४.८ पर्यंत रेषा देतं, पण साडेनऊ तासांत निम्मं होतं. म्हणजे तिथल्या तिथे बनवा आणि वापरा.

मुक्ता

काय सुंदर लिहिलंत जर्मेनियमवाले काका. गेटचा पडताळा वाचून गुप्तहेरकथा वाचल्यासारखं वाटलं.

पण एक विचारू? जर सगळं योगायोगावर आणि सांख्यिकीवर आहे, तर ४०११ चीच रेषा इतरांपेक्षा ठळक का निघाली? त्यात काही खास रचना दडली आहे का?

सावरी

मुक्ता, माझं उत्तर: बहुधा काही खास नाही, आणि तेच महत्त्वाचं आहे.

तापलेल्या पातळ्या गोंधळलेल्या असतात, गणिती अर्थाने केऑटिक. अशा पातळ्यांमधून सुटणाऱ्या गॅमांच्या तीव्रता पोर्टर-थॉमस वितरण पाळतात. १९५६ ची गोष्ट, न्यूट्रॉन अनुनादांवरून आलेली. त्यात बहुसंख्य तीव्रता सरासरीपेक्षा खूप कमी असतात आणि क्वचित एखादी सरासरीच्या कित्येक पट. म्हणजे प्रत्येक केंद्रकासाठी फासे एकदाच पडलेले आहेत. डिस्प्रोसियमच्या २८ धन पातळीतून २७ ऋणकडे जाणारं दान चांगलं पडलं, आपल्याला रेषा दिसली. दुसरीकडे सगळी दानं मध्यम पडली तर कुबडच दिसणार, कितीही मोठी डिटेक्टर-रचना आणा.

म्हणूनच रेषा सापडल्यावर सैद्धांतिक लोकांना दुहेरी रस वाटला. एका बाजूला पूर्ण सुव्यवस्थित बँड, दुसऱ्या बाजूला केऑस, आणि मधे टनेलिंग. ओबर्ग यांनी १९९९ मध्ये मांडलं की पहिल्या खळग्यात केऑस सुरू झाला की टनेलिंग चांगलंच वाढतं. कणादने विचारलेल्या तीव्र कड्याला त्यातूनही एक कारण मिळतं, जोडीबंधाखेरीजचं. कुठल्याचा वाटा किती, यावर मतं वेगळी आहेत. मला जोडीबंधाची बाजू भारी वाटते, निदान पाऱ्याच्या टापूत, कारण तिथे बँड दहा ħ पर्यंत खाली टिकतो आणि मग तुटतो, स्पिन अगदी थोडा उरल्यावर.

पिंगळा

आणि तुटण्याचं काय? माझा निम्मा प्रश्न अनुत्तरितच राहिला की. :)

जर्मेनियमवाला

ताईंच्या आधी मीच घुसतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एसडी बँडपेक्षा जुनं आहे. १९६२ मध्ये सोव्हिएत संघातल्या डुबनात पोलिकानोव आणि सहकाऱ्यांना अमेरिसियम-२४२ ची एक अवस्था मिळाली, १४ मिलिसेकंदांच्या अर्धायुष्याने आपोआप दुभंगणारी. साध्या अमेरिसियमच्या मानाने ही घाई अविश्वसनीय होती. स्ट्रुटिन्स्की यांनी १९६७ मध्ये कवचांची दुरुस्ती घालून दाखवलं की जड केंद्रकांत दुसरा खळगा असतो आणि ही अवस्था त्यात बसली आहे. तिच्यासमोर दोन उंचवटे, एका बाजूला विखंडन, दुसऱ्या बाजूला परत साध्या आकारात. युरेनियम-२३८ मध्ये परतीची वाट जास्त वापरली जाते. २.५६ एमइव्हीवरच्या शून्य धन पातळीतून अडीच एमइव्हीचा एकच गॅमा सुटतो आणि केंद्रक साध्या आकारात, ४५ केइव्हीच्या पहिल्या पातळीवर. अर्धायुष्य काहीशे नॅनोसेकंद. डिस्प्रोसियम आणि पारा त्यामानाने हलके, त्यांच्या बाबतीत विखंडनाचा उंचवटा या स्पिनला बराच उंच असतो, म्हणून तिथे परतीशिवाय पर्याय नाही.

कणाद

मग युरेनियममध्ये रेषा १९७० च्या दशकातच मिळाली आणि पाऱ्यात १९९६ उजाडलं, असं का? दोन्हीकडे दुसरा खळगाच ना.

सावरी

गर्दीचा फरक. युरेनियमची ती पातळी मूळ पातळीपासून अडीच एमइव्हीवर, शून्य स्पिनची. त्या उंचीला शून्य धन असलेल्या साध्या पातळ्या मोजक्या. बाहेर पडायच्या वाटाही मोजक्या, तीव्रता वाटली जात नाही. पाऱ्यात त्याच्या दुपटीहून जास्त उंची आणि वर स्पिन.

शिसे-१९४ आणि पारा-१९४ ची तुलना याच कारणासाठी मला आवडते. वस्तुमान तेच, स्पिनचा टापू तोच, आकारही जवळपास तोच. पण शिशाचा एसडी खळगा दीडेक एमइव्हीने खाली. तेवढ्यानेच साध्या पातळ्यांची घनता खूप पडते, आणि तिथे एक-टप्पा रेषांच्या वाट्याला बँडची जास्त तीव्रता येते. अंदाज पडताळायला निसर्गाने याहून सोयीची जोडी दिली नसती.

हलक्या केंद्रकांत तर हा त्रासच नाही. आर्गॉन-३६ चा एसडी बँड २००० मध्ये सापडला तो साध्या पातळ्यांना जोडलेल्या अवस्थेतच. कॅल्शियम-४० चा पुढच्याच वर्षी, आणि त्याचा तळ ५.२१ एमइव्हीवरची शून्य धन पातळी, जी लोकांना आधीपासून माहीत होती. पातळ्या विरळ म्हणून केऑस नाही, म्हणून कुबड नाही. पण मग केऑसबद्दल शिकायलाही तिथे काही मिळत नाही, त्यासाठी पारा-शिसं-डिस्प्रोसियमकडेच यावं लागतं.

आडमुठा

तक्रार मागे. आता शेवटचं: बाहेर पडायला दर वेळी गॅमाच लागतो का?

सावरी

नाही. तांबे-५८ मध्ये १९९८ साली दिसलं की दुसऱ्या खळग्यातलं केंद्रक थेट एक प्रोटॉन फेकून जवळजवळ गोल निकेल-५७ मध्ये उतरतं. प्रोटॉनची ऊर्जा ठरावीक, म्हणून रेषा स्वच्छ मिळते आणि पातळीची उंची त्यावरूनच निघते. जड एसडी केंद्रकांत प्रोटॉनला कूलॉम (विद्युतभारांचा) उंचवटा फार मोठा पडतो, तिथे गॅमावरच भागवावं लागतं.